पाणी पाहणारे गांगुर्डे

दामोदर भागाजी गांगुर्डे यांच्या सेवापुस्तकात एक ओळ आहे : 'प्रत्यक्ष पाहणी न करता तक्त्यात खोटी नोंद केली.' ती ओळ माझ्या हाताने लिहिलेली आहे. लिहितानाच मला माहीत होतं, की ती खोटी आहे. गांगुर्डे यांनाही माहीत होतं. ते आता नाहीत. मी ऐंशी ओलांडली आहे, आणि ते कसे होते हे मी सांगितलं नाही तर त्यांच्याविषयी कागदावर ती ओळच उरेल.

सत्तरच्या दशकात मी नाशिकला हिवतापाच्या ऑफिसात कारकून होतो. आणीबाणीच्या आगेमागची ती वर्षं. देशातून गेला म्हणून सांगितलेला थंडीताप पुन्हा आला होता. बाहेर हिंडणारे कर्मचारी आम्हा कारकुनांना 'भाऊसाहेब' म्हणत. गांगुर्डेही म्हणायचे. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पण मी त्यांना नुसतं 'गांगुर्डे' म्हणायचो. यात काही चुकतं आहे, असं तेव्हा वाटलं नाही.

कागदावर त्यांचं पद होतं कीटक समाहारक. म्हणजे डास आणि डासांच्या अळ्या पकडून आणणारा माणूस. उंच, सडसडीत, मान कायम जरा पुढे आलेली. वीस वर्षं वाकून पाणी पाहिल्यावर मान दुसरीकडे कुठे जाणार? खाकी पँटच्या दोन घड्या वर दुमडलेल्या. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात लांब दांड्याची पांढरी पळी, कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या, हाताच्या पंजाएवढा आरसा आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. ओल्या हाताने शाई पसरते म्हणून बाहेरची नोंद नेहमी पेन्सिलने.

टाकीशी, हौदाशी, विहिरीशी पोचले की ते लगेच पळी घालत नसत. आधी उभं कुठे राहायचं ते ठरवायचे, कारण अंगाची सावली पाण्यावर पडली की अळ्या तळाला जातात. मग स्वस्थ उभे. आम्ही कधी बरोबर गेलो तर कंटाळून जायचो. पाणी पुरतं थांबलं की पळी तिरकी करून काठाशी अशी बुडवायची की पाण्याला कळू नये. पळीत पाहायचं, ओतून द्यायचं, पुन्हा थांबायचं. गटारातल्या डासाची अळी पाण्यात डोकं खाली करून लोंबते. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पाठीवर आडवी निजते. एवढं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं. "लोंबती असली तर शिवी द्यायची," ते म्हणाले, "आडवी असली तर गप बसायचं आणि लिहायचं."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. घाणीतला डास झोप घेतो, स्वच्छ पाण्यातला जीव घेतो. हे ऐकून घ्यायला कोणी तयार नसे. एकदा पेठेतल्या पाच-सहा प्रतिष्ठित लोकांचं शिष्टमंडळ साहेबांकडे आलं. गटारं तुंबली आहेत, डासांनी रात्री झोप नाही, धूर मारा, ही मागणी. साहेबांनी गांगुर्डे यांना आत बोलावलं. गांगुर्डे यांनी दोन नळ्या टेबलावर ठेवल्या.

"ही तुमच्या गटारातली," ते म्हणाले. "आणि ही?" एका गृहस्थांनी विचारलं.

"ही तुमच्या गच्चीवरची. पाण्याच्या टाकीतली."

"शक्यच नाही. आम्ही तेच पाणी पितो."

"अळ्यांनाबी तेच लागतं," गांगुर्डे म्हणाले.

कोणी हसलं नाही. शिष्टमंडळ गेल्यावर साहेब म्हणाले, "गांगुर्डे, लोकांना तोंडावर असं सांगायचं नसतं." आणि गटारांवर धूर मारायचा आदेश निघाला. आठवडाभर पेठेत धूर होता, लोक खूश होते, आणि गच्च्यांवर कोणी चढलं नाही.

गांगुर्डे दिंडोरीकडच्या खेड्यातले. तरुणपणी त्यांनी सगळं काम गावांत केलं होतं. पहाटे उठून गोठ्यांतून हिंडायचं, गुरांच्या अंगावरून उठून भिंतीवर बसलेले डास तोंडाने नळीत ओढून घ्यायचे. शहरात बदली झाली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आता काम संपलं. साहेब लोकही तसंच समजायचे. शहर वाढेल तशी डबकी बुजतील, ओढ्यांची गटारं होतील, गोठे जातील, मग हिवतापाचा डास राहणार कुठे? गांगुर्डे यांनी पहिली दोन वर्षं हेच मानलं. मग त्यांनी मानणं सोडलं.

ते कसं सुटलं, हे त्यांनी मला एका विहिरीवर दाखवलं. शहराच्या पश्चिमेला तेव्हा मळे होते. शेवंती, झेंडू, मेथी, कोथिंबीर. तिथल्या एका मळ्यातल्या म्हातारीशी त्यांची ओळख होती. उन्हाची तिरीप आरशावर घेऊन ते विहिरीत सोडत. खाली अंधारात पाण्यावर उजेडाची एक चकती फिरायची, त्या उजेडात अळ्या दिसत. त्या बाई फुलं खुडता खुडता ओरडल्या, "काय रं दामू, हिरीला आरसा काय दावतो? ती काय नवरी हाय?"

"नवरीच हाय आजी. लगीन ठरलंय तिचं."

"कुणाशी?"

"बिल्डिंगशी."

आजी हसल्या, पण पुढच्याच वर्षी मळा विकला गेला. विहिरीवर अर्धी फरशी टाकून बांधकामाला पाणी उपसायला सुरुवात झाली. नव्या स्लॅबवर सिमेंटचे वाफे करून पाणी साठवलेलं, खाली मजुरांची पिंपं, वर कच्ची टाकी. आम्ही गेलो तेव्हा गांगुर्डे एकेक ठिकाणी वाकले आणि सगळीकडे आडव्या अळ्या मिळाल्या. फक्त मागच्या ओढ्यात काही नव्हतं. तिथे नुसतं काळं पाणी आणि लोंबत्या अळ्या.

"ओढ्यातला डास ओढ्याबरोबर गेला," ते म्हणाले. "हा वेगळा. हा विहिरीत होता थोडका. आता गावानं याला घरं बांधून दिली. डास कमी नाय झाले, भाऊसाहेब. जिना चढले."

त्यांच्याकडे शहराचा एक जुना नकाशा होता, घड्यांवर फाटलेला. ज्या इमारतीच्या टाकीत आडव्या अळ्या मिळत, तिथे ते तांबड्या पेन्सिलीचा ठिपका देत. पश्चिमेचे नवे रस्ते त्या नकाशात नव्हतेच. ते त्यांनी स्वतः काढले होते, इमारत उभी राहील तसतसे. पाच-सहा वर्षांत नकाशाची पश्चिम बाजू गोवर आल्यासारखी झाली. साहेबांना त्यांनी तो एकदा दाखवला. साहेब म्हणाले, "हे कोणी काढायला सांगितलं होतं?" गांगुर्डे यांनी घडी घातली आणि तो परत पिशवीत ठेवला.

बायको गेल्यानंतर ते एकटे राहायचे, नाशिकरोडकडे एका चाळीतल्या खोलीत. एकच मुलगी, सुजाता. तिला शिकायला नांदगावला मावशीकडे ठेवली होती. दर रविवारी तिला ते एक कार्ड लिहीत. मी एकदा टपालात टाकायला म्हणून घेतलेलं कार्ड वाचलं. वाचायला नको होतं. 'आज सात जिने चढलो. एका गच्चीवरून चामरलेणीचा डोंगर अगदी जवळ दिसला. तू अभ्यास कर. तुझे पाय दुखत नाहीत ना?' पाय यांचे दुखायचे, चौकशी तिच्या पायांची.

दुपारची भाकरी ते गच्चीवरच खायचे. शहरातल्या घरांतून त्यांना कोणी 'बसा' म्हणत नसे. टाकी तपासायला माणूस आलाय म्हटल्यावर लोक जिन्याकडे बोट दाखवत आणि दार लावून घेत. मी एकदा म्हटलं, "गच्चीवर एकट्याने जेवायला कसंसं होत नाही?"

"बरं वाटतं," ते म्हणाले. "वरून गाव दिसतं. गावाला मी दिसत नाय."

हे मी आज लिहितो आहे तेव्हा त्यातलं एकटेपण मला कळतं. तेव्हा मला ते वाक्य गमतीचं वाटलं होतं आणि ते मी घरी जेवताना सांगितलं होतं.

आता त्यांच्या हाताची गोष्ट. गांगुर्डे बौद्ध होते आणि त्यांचं काम होतं लोकांच्या पिण्याच्या पाण्यात पळी बुडवायचं. याचा अर्थ काय, हे आजच्या लोकांना सांगावं लागेल की नाही, मला माहीत नाही. गंगापूर रोडकडे एका बंगल्यात त्यांना नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. टाकीत अळ्या मिळाल्या, त्यांनी तसं लिहून दिलं. आठ दिवसांनी पुन्हा गेले तर टाकी कोरडी करून, घासून, चुना लावून लख्ख. एकही अळी नाही. त्यांना वाटलं, लोक शहाणे झाले. खाली मोलकरणीने सांगितलं, "तुम्ही गेलात आन् अर्ध्या तासात धुवायला काढली टाकी. अळ्याचं कुनाला काय पडलंय?"

हे त्यांनी ऑफिसात सर्वांदेखत सांगितलं आणि वर म्हणाले, "सरकारनं औषधावर कशाला खर्च करावा? मला नुसतं नाव सांगत फिरवा. गावातल्या सगळ्या टाक्या धुतल्या जातील." सगळे हसले. मीही हसलो. ते हसत नव्हते, हे फक्त शिपायाच्या लक्षात आलं असावं. त्याने त्यांना चहा आणून दिला.

ज्या प्रसंगासाठी मी हे लिहायला बसलो, तो यानंतरच्या पावसाळ्यातला. आमची सोसायटी शहराच्या पश्चिमेलाच, तीन मजली, नुकती बांधलेली. मी तिचा सेक्रेटरी होतो. गच्चीवर सिमेंटची टाकी आणि तिच्याशेजारी पत्र्याची एक खोली. त्या खोलीत वॉचमन तुळशीराम आणि त्याची बायको मंजुळा राहायची, सुरगाण्याकडची माणसं. टाकीचं लोखंडी झाकण गंजलं होतं म्हणून मी ते रंगवायला खाली आणवलं होतं. रंगवायचं राहिलं. सोसायटीतल्या मुलांनी त्याच्यावर खडूने तीन स्टम्प काढले आणि ते दोन महिने क्रिकेटला वापरलं गेलं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गांगुर्डे आमच्या इमारतीच्या तपासणीला आले. मी त्या दिवशी घरीच होतो. त्यांना घेऊन जिना चढत असताना पहिल्या मजल्यावर लिमयेवहिनी दारात उभ्या होत्या.

"टाकीत हात घालणार का हे?" त्यांनी मला विचारलं.

"पळी घालतात, वहिनी. सरकारी तपासणी."

"हो, पण कोण आहेत हे?"

गांगुर्डे माझ्या मागे दोन पायऱ्या खाली होते. मी म्हणालो, "आमच्या ऑफिसातले पाटणकर."

हे मी कशासाठी म्हणालो, त्याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. त्या क्षणी मला वाटलं की मी त्यांचा अपमान टाळला. मला स्वतःचं कौतुकही वाटलं असेल. वहिनींचा चेहरा मोकळा झाला. "मग उतरताना चहा घेऊन जा, पाटणकर," त्या म्हणाल्या.

वर गेलो. मंजुळा टाकीच्या सावलीला तांदूळ निवडत बसली होती. तिला दिवस गेले होते. गांगुर्डे तिला म्हणाले, "बाई, संध्याकाळी अंगावर पांघरून बसत जा." मग टाकीपाशी गेले आणि नेहमीसारखे उभे राहिले. पहिल्याच पळीत सात-आठ आडव्या अळ्या. त्यांनी पळी माझ्यापुढे धरली, काही बोलले नाहीत. दोरीची पेन्सिल घेऊन चिठ्ठीवर आमच्या इमारतीपुढे 'एक टाकी, अळ्या आहेत' असं लिहिलं. म्हणाले, "झाकण बसवा, भाऊसाहेब. आणि टाकी एकदा कोरडी करा, दोन दिवसांत. मी लिहिलंय, नोटीस येईलच."

उतरताना वहिनींनी चहा पुढे केला. गांगुर्डे म्हणाले, "कामावर मी काही घेत नाही," आणि खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज खाली होता. "पाटणकर कोण हो?"

मी ओशाळून म्हणालो, "गांगुर्डे, तुम्हाला उगीच त्रास नको म्हणून..."

"मला कसला त्रास? मला सवय हाय. पण माझं नाव सांगितलं असतं तर टाकी तरी धुतली गेली असती."

नोटीस काढायचं काम माझंच होतं. नोटिशीवर तपासणी करणाऱ्याचं नाव असतं आणि ती सोसायटीच्या फळ्यावर लावावी लागते. आठ दिवसांनी तोच माणूस पुन्हा तपासायला जातो. म्हणजे लिमयेवहिनी 'गांगुर्डे' वाचणार, गांगुर्डे म्हणून 'पाटणकर' समोर येणार, आणि सेक्रेटरी खोटं बोलला हे सगळ्या सोसायटीला कळणार. शिवाय हिवतापाच्या ऑफिसातल्या माणसाच्या टाकीत अळ्या आणि झाकणावर मुलांचे स्टम्प. गणपती दोन दिवसांवर होते. घरोघर पाहुणे. आता टाकी रिकामी करा म्हटलं तर लोक काय म्हणतील? मी ठरवलं, गणपती होऊ देत, मग मी स्वतः धुवून घेईन.

आमच्याकडे एक पद्धत होती. गांगुर्डे शनिवारी बाहेर असत म्हणून साप्ताहिक तक्त्यावर ते शुक्रवारीच कोरी सही करून ठेवत. मग मी त्यांच्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांवरून आकडे शाईने उतरवायचो. सहा वर्षं असं चाललं होतं. त्यांनी कधी तक्ता परत वाचायला मागितला नव्हता. त्या शनिवारी त्यांच्या सहीच्या वरच्या रकान्यात, आमच्या इमारतीपुढे मी शून्य लिहिलं.

शून्य लिहिल्यामुळे नोटीस निघाली नाही, आणि टाकीत औषध टाकायला माणूस आला नाही. पुन्हा तपासणी झाली नाही. झाकण मी बसवलं. टाकी धुवायची राहिली. गणपती गेले, पितृपक्ष आला, दुसरं काही निघालं.

नवरात्रात मंजुळा तापाने फणफणली. तुळशीरामने दोन दिवस अंगारा लावला, तिसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेली. ताप मेंदूत शिरला होता. ती गेली, पोटातल्या जिवासकट. तुळशीराम पत्र्याच्या खोलीला कुलूप न लावताच गावी गेला. तो परत आला नाही.

आमच्या साहेबांनी तपासणीला दुसरी तुकडी पाठवली. झाकणाच्या फटीतून आत-बाहेर करायला डासाला पुरेशी जागा होती. टाकी अळ्यांनी वळवळत होती. साहेबांनी तक्ता मागवला. शून्य. खाली सही : दा. भा. गांगुर्डे.

आमच्या खात्यात एक पाप सर्वांना ठाऊक होतं. झाडाखाली बसून फॉर्म भरायचा आणि जिना चढायचाच नाही. साहेबांना वाटलं, हेच झालं. गांगुर्डे यांना त्यांनी माझ्यासमोर उभं केलं.

"चढला होता का?"

"चढलो होतो, साहेब. अळ्या होत्या. मी तसं लिहिलं होतं."

"मग हे शून्य?"

गांगुर्डे यांनी तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. पाण्याकडे पाहावं तसा. मग म्हणाले, "चिठ्ठी पाहा साहेब. माझी चिठ्ठी असेल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या खणात होता. मी म्हणालो, "त्या आठवड्याच्या चिठ्ठ्या सापडत नाहीत."

गांगुर्डे यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. आपण ज्या माणसाला ओळखत होतो तो हा नव्हे, असं काहीसं होतं. ते पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. साहेब म्हणाले, "बोला, काय म्हणायचंय?" तरी नाही. त्या संध्याकाळी मी चिठ्ठ्या घरी नेल्या आणि सकाळी बंबात घातल्या.

त्यांची बदली दूर डोंगरांतल्या पेठ तालुक्यात झाली. सेवापुस्तकात ती ओळ मी लिहिली, माझ्या चांगल्या अक्षरात. जायच्या दिवशी त्यांनी पळी, नळ्या, आरसा सगळं यादीप्रमाणे जमा केलं. नकाशा यादीत नव्हता. तो ते घेऊन गेले.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, पेठकडच्या केंद्रांची दप्तरं तपासायला मला जीपने पाठवलं. मधल्या काळात साहेब बदलले होते आणि नवे साहेब गच्चीवरच्या टाक्यांविषयी परिपत्रक काढत होते. वरून तसा हुकूम आला होता. गांगुर्डे सहा वर्षं जे सांगत होते ते मी आता टाइप करत होतो. केंद्रावर कळलं की ते घाटाखालच्या ओढ्यावर गेले आहेत. मी ड्रायव्हरला तिकडे घ्यायला सांगितलं आणि एकटा खाली उतरलो.

ते पाण्यात उभे होते. केस पूर्ण पांढरे. मला ओळखलं, "या भाऊसाहेब," म्हणाले, आणि बाहेर येऊन एका दगडावर बसले. मी बरंच ठरवून गेलो होतो. शेवटी एवढंच म्हणालो, "गांगुर्डे, तक्त्यात शून्य मी लिहिलं होतं."

"हां."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सही माझी, फॉर्म तुमच्याकडे, चिठ्ठी तुमच्याकडे. तिसरा कोण येणार?"

"मग साहेबांपुढे का बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तुमच्याकडं शाई, माझ्याकडं पेन्सिल." त्यांनी पायावरची जळू काढून टाकली. "तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

त्यांनी पळी झटकून कोरडी केली. मग त्यांनी विचारलं, "ती टाकी धुतली का नंतर?"

"धुतली."

"कधी?"

हे मला सांगायचं नव्हतं. पण त्या दिवशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मंजुळा गेल्यावर दोन आठवडे टाकी तशीच होती. औषध टाकलं होतं, लोकांना ते पुरेसं वाटलं. मग ऑफिसचं पत्र सोसायटीला आलं. त्यात गणपतीआधी तपासणी करून गेलेल्या कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव होतं. लिमयेवहिनींनी फळ्यावर ते वाचलं आणि मला विचारलं, "हे तर पाटणकर होते ना?" दुसऱ्या दिवशी सकाळी दोन गडी लावून टाकी उपसली, घासली, चुना लावला आणि वर गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, आणलेलं तांब्याभर पाणी शिंपडलं. मी सेक्रेटरी म्हणून शेजारी उभा होतो.

मी हे सगळं सांगितलं. गांगुर्डे यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाईला पाचवा महिना होता का?"

"सहावा."

वर रस्त्यावरून ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी उठलो. म्हणालो, "मी साहेबांना लेखी देतो. ती ओळ काढायला लावतो."

"ऑफिसचं राहू द्या," ते म्हणाले. "माझं आता वर्षच राहिलंय. एक काम करा. ऑर्डर निघाली तेव्हा सुजाता सुट्टीला आलेली. तिनं वाचली. मी सांगितलं तिला, चढलो होतो म्हणून. ती म्हणाली, मग सरकार खोटं लिहील का? मास्तरीण झाली ती आता. चांगली हाय, पैसे पाठवते, पण तिनं तेव्हापासून माझ्या कार्डाला उत्तर दिलं नाय. तिला वाटतं, बाप आपल्याला जिन्यांचं खोटं लिहायचा. तिला एक पत्र टाका. तुम्ही लिहिलं तर पटंल तिला. तुमचं अक्षर चांगलं हाय."

त्यांनी चिठ्ठ्यांच्या वहीतलं पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून नांदगावचा पत्ता लिहिला आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला. त्यांनी शाळेचं नाव एका ठिकाणी दुरुस्त केलं. मी म्हणालो, आठवड्यात टाकतो.

मी ते पत्र टाकलं नाही. लिहायला तीनदा बसलो. प्रत्येक वेळी वाटलं, हे कागदावर आलं की पुरावा होतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं उरली होती. नंतर पेन्शन होती, मुलांची लग्नं होती. गांगुर्डे निवृत्त होऊन दोन वर्षांत गेल्याचं मला ऑफिसातल्याच कोणाकडून कळलं. सुजाताबाई आज साठीच्या पुढे असतील. त्या नांदगावला आहेत की कुठे, मला माहीत नाही. सुजाताबाई, हे तुमच्यापर्यंत पोचलं, तर तुमचे वडील त्या दिवशी आमचा जिना चढले होते. मी त्यांच्या पुढे चालत होतो. तुम्हाला आलेल्या कार्डांतला एकही जिना खोटा नव्हता.

त्या दिवशी जीप घाट चढू लागली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. ओढ्यात ठिकठिकाणी पाणी साठून लहान लहान डोह झाले होते. गांगुर्डे पँट दुमडून पुन्हा पाण्यात उतरले होते. एका डोहापाशी थांबायचे, वाट पाहायचे, वाकायचे, पळी उचलून पाहायचे आणि पुढच्या डोहाकडे जायचे. मी निघून गेलो, असंच त्यांना वाटत असणार. आजूबाजूला दोन-तीन मैलांत दुसरं माणूस नव्हतं. वळण येईपर्यंत मी पाहत होतो. त्यांनी एकही डोह सोडला नाही.